चिनी कोबी होईपर्यंत

न्यायालयाचा कागद आला त्याच्या तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, काटेवाला सिस्टरच्या दारात येऊन उभा राहिला.

सिस्टर म्हणजे त्याची सासू. निदान गुरुवारपर्यंत होती. पस्तीस वर्षं तिनं इस्पितळात नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा मुख्य परिचारिका म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गल्लीतली लहानथोर सगळी तिला सिस्टरच म्हणत. नवरा कधीच वारला होता. घरात ती एकटी. काटेवाला वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानं, गोदामं, दवाखाने, जिथे म्हणून काही तोललं जातं तिथे तो प्रमाणित वजनांची जड पेटी घेऊन जायचा आणि काटा खरं बोलतोय की नाही ते तपासायचा. स्वभावही तसाच. बोलणं तोलूनमापून, आणि बहुतेक वेळा तोलून झाल्यावर परत पेटीत ठेवलेलं.

“आई,” तो म्हणाला आणि अडखळला. “म्हणजे... मागच्या परसात रोपं आहेत.”

“आहेत.”

“चार दिवस पाणी नाही त्यांना.”

“मी घातलं काल. बादलीनं.”

“बादलीनं?” त्याचा चेहराच पडला. “बादलीनं माती उडते. मुळं उघडी पडतात.”

सिस्टर चौकटीला हात लावून उभी होती, म्हणजे आत येण्याचा प्रश्नच नव्हता. “हे बघा, जाव—” ती थांबली. सात वर्षांची सवय, जीभ आपल्या आपण तिकडे वळली होती. “हे बघा, रोपं तुमची आहेत. तुम्ही घेऊन जा. मला ठेवून काय करायचीत?”

“नेता येत नाहीत. या कोबीचं मूळ हललं की तो रुसतो. गड्डा धरायच्या आधीच फुलावर जातो.”

हा कोबी म्हणजे आपला नेहमीचा गोल, घट्ट कोबी नव्हे. एका बियाणेवाल्याचा काटा दुरुस्त केला तेव्हा त्यानं कोणी घेत नाही म्हणून पडून राहिलेली तीन पाकिटं काटेवाल्याला दिली होती. एकात पाक चोय, चमच्यासारखी पानं आणि जाड पांढरे देठ. दुसऱ्यात तातसोई, काळपट हिरव्या पानांचं गोल फूल जमिनीला चिकटून बसावं तशी. आणि तिसऱ्यात लांबट गड्ड्याचा चिनी कोबी. नवरा-बायको तिसऱ्या मजल्यावर राहायची, तिथे कुंडीलाही ऊन मिळत नसे. म्हणून पावसाळा सरता सरता त्यानं सासूच्या परसात वाफे केले, बी पेरलं. तेव्हा बायको घर सोडून दुसऱ्या शहरात गेली होती, वकिलांच्या फेऱ्या चालू होत्या, आणि तरी दर दोन दिवसांनी हा माणूस खुरपं घेऊन यायचा. त्याला नको कसं म्हणायचं ते सिस्टरला सुचलं नव्हतं. आता सुचायला हवं होतं.

“किती दिवस लागतील?” तिनं विचारलं.

“आज सव्विसावा दिवस. पाक चोय अजून तीन आठवड्यांत निघेल. तातसोई त्याच्या पाठोपाठ. गड्ड्याला मात्र पेरल्यापासून ऐंशी-पंच्याऐंशी.”

म्हणजे दोन महिने. सिस्टरनं मनाशी हिशोब केला, आणि इस्पितळात नातेवाइकांना भेटीच्या वेळा सांगायची त्या आवाजात म्हणाली, “बुधवार आणि रविवार. सकाळी आठ ते दहा. बाजूच्या बोळातल्या फाटकानं यायचं, तसंच जायचं. घरात पाऊल नाही. आणि कोबी झाला की संपलं. समजलं?”

“समजलं,” तो म्हणाला. पडत्या फळाची आज्ञा मानून तो तसाच बोळाकडे वळला आणि झारी शोधू लागला.

लेकीला सांगायचं का, हा प्रश्न सिस्टरपुढे त्याच दुपारी उभा राहिला. लेक दर रविवारी फोन करायची. ती गाडी चालवायला शिकवायच्या शाळेत शिक्षिका होती. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबायचा, असं ती स्वतःच्या नोकरीचं वर्णन करायची. त्या दिवशी ती गाडी उलटी घेताना कचऱ्याच्या पेटीत शिरलेल्या एका काकांची गोष्ट सांगत होती, हसत होती. किती महिन्यांनी हसत होती. सिस्टरनं काहीच सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवलं. पुढच्या रविवारीही तसंच ठरवलं.

पहिले काही दिवस काटेवाला आला की ती स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायची आणि फटीतून बघायची. त्यानं एकदा सरळ रांगेतली चांगली धडधाकट रोपं उपटायला सुरुवात केली तेव्हा मात्र तिला राहवेना. तिनं खिडकी उघडली.

“अहो, आजारी नाहीत ती! का उपटताय?”

“विरळणी,” तो मान वर न करता म्हणाला. “वीतभर अंतर लागतं. गड्ड्याच्या कोबीला हातभर.”

“मग पेरतानाच लांब लांब पेरायची होती.”

“सगळं उगवतं असं नाही ना.”

तिनं खिडकी लावून घेतली.

पुढच्या बुधवारी तो आला आणि वाफ्याशी उकिडवा बसून राहिला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, हलेचना. सिस्टर मागचं दार उघडून पायरीवर आली. तिचा स्वतःचा नियम त्याच्यासाठी होता, तिच्यासाठी नव्हता.

“काय झालं?”

त्यानं एक पान दाखवलं. पानाची चाळणी झाली होती. टाचणीनं टोचावीत तशी भोकं. तिनं बोट लावलं तसे मोहरीएवढे काळे भुंगेरे टणाटण उड्या मारून पसार झाले.

“हे आत्ताच आलेत. आठवड्यात सगळं संपवतील. बारीक जाळी घालायला हवी होती, राहिलं माझ्याकडून.”

सिस्टर आत गेली. ट्रंकेच्या तळातून तिनं दोन पांढऱ्या मच्छरदाण्या काढल्या. इस्पितळानं जुन्या म्हणून टाकायला काढलेल्या, तिनं तिथेच मागून घेतलेल्या, उकळून घडी करून ठेवलेल्या. “ही जाळी चालेल?”

त्यानं जाळीचं कापड दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. “याच्यापेक्षा बरी मिळणारच नाही.”

दोघांनी मिळून काड्या वाकवल्या, कमानी रोवल्या, जाळी ताणली, कडेनं माती दाबली. पलीकडच्या भिंतीवरून टायपिस्टबाई बघत होत्या. त्या सिस्टरच्या शेजारीण, जन्मभर न्यायालयाच्या दारात अर्ज टंकून देत बसलेल्या. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला डोळे होते आणि चष्माही.

“सिस्टर, काय हो, पेशंट दाखल केलेत की काय?” त्यांनी विचारलं.

“हो. संसर्ग आहे,” सिस्टर म्हणाली. “लांब राहा.”

जाळीनं भुंगेरे आटोक्यात आले, पण कडा कुठेतरी सैल राहिली आणि त्या फटीतून फुलपाखरू शिरलं. मग अळ्या आल्या, पानाच्याच रंगाच्या. काटेवाला आठवड्यातून दोनदा येणार, अळी रोज खाणार. तेव्हा बाकीचे पाच दिवस सिस्टरनं घेतले. चहा झाला की ती जुना चिमटा आणि मूत्रपिंडाच्या आकाराचा स्टीलचा ट्रे घेऊन बसायची, पान उलटं करायची, अळी अलगद उचलून ट्रेमध्ये टाकायची. हात अजून स्थिर होता. चार वर्षांत त्या हातांना असं बारकाईचं काम मिळालं नव्हतं. मग तिनं एक पुठ्ठा घेतला, त्यावर रकाने आखले, तारीख, पाणी, अळ्या, शेरा, आणि मागच्या दारामागच्या खिळ्याला टांगला. काटेवाला आला की आधी तो पुठ्ठा वाचायचा. “मंगळवारी अळ्या एकोणीस?” “दोन अगदी बाळं होती, पण मोजली.” एवढंच बोलणं व्हायचं. पण व्हायचं.

टायपिस्टबाईंना मात्र तिनं एकदा भिंतीपाशी गाठून सांगितलं, “माझ्या लेकीचा फोन कधी तुमच्याकडे आला, तर हे परसातलं काही बोलू नका. मीच सांगणार आहे.”

“अळीमिळी गुपचिळी!” टायपिस्टबाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसल्या.

सत्तेचाळिसाव्या दिवशी पाक चोय निघाला. काटेवाल्यानं बुंध्याशी सुरी फिरवली आणि पहिलं झाड पायरीवर ठेवलं. पांढरे देठ तळाशी फुगलेले, वर पानं तकतकीत, चार-दोन भोकं सोडली तर निरोगी. दुसऱ्या झाडाचा एक देठ मोडून त्यानं तिथेच उभ्या उभ्या कच्चा खाल्ला. सिस्टरनं दुपारी तेलात लसूण टाकून परतून पाहिला. झाकण काढलं तर टोपलीभर भाजीची वाटीभर झालेली.

“कसा लागला?” बुधवारी त्यानं विचारलं.

“पाण्याला देठ फुटल्यासारखा,” ती म्हणाली. मग खरं ते सांगावं म्हणून पुढे म्हणाली, “पण दुसऱ्या दिवशी परत केला.”

सत्तावन्नावा दिवस बुधवार होता. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. काटेवाला आला नाही. सात वर्षांत तो कधी न सांगता चुकला नव्हता. सिस्टरनं पाणी घातलं, अळ्या वेचल्या, पुठ्ठ्यावर ‘गैरहजर’ असं लिहिलं, खोडलं, आणि फोन केला.

“बोट चेंगरलं काल संध्याकाळी,” तो म्हणाला. “वीस किलोचं वजन निसटलं. विशेष काही नाही.”

“कुठलं बोट? नखाचा रंग काय आहे?”

“उजवं मधलं. काळं-निळं आहे. ठणकतंय थोडं.”

“थोडं म्हणजे झोप लागली का?”

“नाही.”

“पत्ता सांगा.”

घटस्फोटाच्या आधीच त्यानं तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून टायरच्या दुकानावर एक खोली भाड्यानं घेतली होती. सिस्टर तिथे पहिल्यांदाच गेली. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, टेबलावर उघडा पडलेला वजनकाटा आणि त्याचे स्क्रू एका बशीत ओळीनं लावलेले. खालून रबराचा वास येत होता. भिंतीवर काहीच नव्हतं, नुसता एक खिळा. तिनं त्याला खिडकीशी बसवलं, बोट उजेडात धरलं, सांधा हळूच वाकवून पाहिला. नखाखाली रक्त साकळून नख वर उचललं गेलं होतं.

“दुखणार नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण नाही दुखणार,” ती म्हणाली. तिनं सुई ज्योतीवर लाल होईतो तापवली आणि नखाच्या मधोमध टेकवली. चर्र झालं, रक्ताचा काळा थेंब वर आला, मग दुसरा. काटेवाल्यानं धरून ठेवलेला श्वास सोडला.

“थांबलं,” तो आश्चर्यानं म्हणाला. “ठणकायचं थांबलं.”

“दाब होता. वाट मिळाली की उतरतो.” तिनं पट्टी बांधली, शेजारचं बोट सोबतीला जोडलं. “उद्या याचा फोटो काढून घ्या, हाड बघायला हवं. आणि दोन आठवडे हा हात मातीत घालायचा नाही.”

तो पट्टीकडे बघत बसला. मग म्हणाला, “मी तिला कधी काही विचारलं नाही, आई. गप्प असायची तेव्हा मला वाटायचं, सांगायचं असेल तर सांगेल. उगाच खोदून कशाला विचारायचं. शेवटच्या वर्षी आम्ही दूध संपलं, लाइटबिल आलं, एवढंच बोलायचो.”

सिस्टरला यावर पुष्कळ बोलता आलं असतं. लेक फोनवर रडली होती त्या दिवसांचं. तिनं सामान पिशवीत भरलं. “रोपं तरी कुठे सांगतात?” ती म्हणाली. “पण पान उलटून बघताच ना तुम्ही.”

त्यानं मान हलवली. रागानं बोललेलं नव्हतं, त्यामुळे ते त्याला जास्त लागलं असावं. खाली उतरताना ती स्वतःवरच चिडली होती, कारण ती खरं तर त्याला दोष द्यायला आली होती असं तिला वाटत होतं आणि दोन सफरचंदं ठेवून परतत होती.

पुढच्या रविवारी काटेवाला आला तो हात गळ्यात अडकवून. चिनी कोबीचे गड्डे आता आतून भरू लागले होते. बाहेरची पानं वर गोळा करून सैलसर बांधली की आतली पानं पिवळसर, कोवळी राहतात, असं त्यानं बियाणेवाल्याकडून ऐकलं होतं. पण हे दोन हातांचं काम, आणि त्याच्याकडे एकच होता. तेव्हा सिस्टर गुडघ्याखाली उशी घेऊन वाफ्यात बसली. तिनं दोन्ही हातांनी पानं कवेत घ्यायची आणि त्यानं डाव्या हातानं कापडाची पट्टी फिरवायची. गाठ दातांनी.

“आवळू नका,” तो सांगत होता. “आत हवा खेळली पाहिजे, नाहीतर कुजतो.”

“मी बँडेज बांधण्यात जन्म घालवलाय. मला शिकवू नका.”

“काय चाललंय हे?”

लेक मागच्या दारात उभी होती. खांद्याला प्रवासाची पिशवी, पायात बूट तसेच. टायपिस्टबाईंनी गुपचिळी पाळली होती ती बरोबर तीन आठवडे. शुक्रवारी लेकीचा त्यांना कसल्याशा अर्जासाठी फोन आला, आणि बोलता बोलता त्या म्हणाल्या, आईची काळजी करू नकोस गं, जावई येतो ना वरचेवर. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. वाईट मनात नसलेल्या माणसांनीच अशा वेळी बोलू नये.

काटेवाला उठून उभा राहिला. “तू...” एवढंच म्हणाला.

लेकीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. “आई, मी तुला विचारतेय.”

“कोबी आहे गं,” सिस्टर म्हणाली. गुडघ्यावरून पटकन उठता येईना, त्यामुळे ती खालूनच बोलत होती. “त्यांनी आधीच पेरला होता. उपटता येत नाही. घरात नाही येत ते, फक्त परसात—”

“परस घरात नसतं का?” लेकीनं खांद्यावरची पिशवी दारातच टाकली. “मी ते घर सोडलं, ते गाव सोडलं, ओळखीची दुकानं सोडली. सगळं सोडलं आणि म्हटलं, एक माहेर आहे आपलं. तिथे जाऊन पडता येईल. आणि इथे येऊन बघते तर हा आहे. तुझ्यासोबत. हसत. तू त्याच्याशी हसत होतीस, आई.”

“मी हसत नव्हते.”

“होतीस. मी पाहिलं.”

काटेवाल्यानं खुरपं उचलून पायरीशी ठेवलं. “तिचं बरोबर आहे,” तो सिस्टरला म्हणाला. “मी निघतो. उरलेले सात बांधायचे आहेत. सैल बांधा.” आणि बोळाच्या फाटकानं निघून गेला. फाटक त्यानं आवाज न करता लावलं.

लेक दोन दिवस राहिली. पहिल्या दिवशी ती जेवली आणि झोपली. सिस्टरनं मिठाची गुळणी धरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अळ्या वेचायला बाहेर गेली तर लेक पायरीवर बसून पुठ्ठा वाचत होती.

“तीन आठवडे, आई? रोज?”

“रोज.”

“आणि दर रविवारी मी विचारायचे, काय चाललंय, तर तू म्हणायचीस, काही नाही गं, नेहमीचंच.”

सिस्टर तिच्याशेजारी बसली. ट्रे मांडीवर ठेवला. तिनं आयुष्यात डॉक्टरांची माफी मागितली नव्हती, आणि मागायची वेळ त्यांच्यावरच आणली होती असं ती अभिमानानं सांगायची. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “त्यांना येऊ दिलं ते नाही. तुला सांगितलं नाही, ते.”

लेकीनं पुठ्ठा पायरीवर ठेवला.

“तू एकटी असतेस हे मला कळतं,” ती म्हणाली. “मला त्याचा रागही नाही तसा. त्यानं कधी वाईट वागवलं नाही मला. म्हणून तर कोणाला सांगताच यायचं नाही, का सोडलं ते. काय सांगायचं, फार चांगला आहे पण भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं?” तिनं नाक पुसलं. “परस तुझं आहे. कोणाला येऊ द्यायचं ते तू ठरव. पण मी येणार असेन तेव्हा तो नको. आणि माझ्यापासून लपवायचं नाही. काहीच नाही.”

“नाही लपवणार.”

“मग आता तो दुसरा वाफा दाखव. ते काळं काय आहे, कमळासारखं?”

“तातसोई. ते तुझ्या बाबांना आवडलं असतं. गोल सगळं आवडायचं त्यांना.”

उरलेले सात गड्डे त्या दोघींनी बांधले. लेकीनं दोन इतके आवळले की सिस्टरनं ते सोडून परत बांधले, आणि त्यावरून थोडी बाचाबाची झाली. लेक सकाळच्या बसनं गेली.

काटेवाला त्यानंतर पहिल्यांदा आला तो थेट कापणीच्या दिवशी. मधले तीन आठवडे त्यानं फोनवरून काढले आणि सिस्टरनं पुठ्ठ्यावर. सिस्टरनंच त्याला बोलावलं होतं, आणि आदल्या दिवशी लेकीला फोन करून सांगितलंही होतं. लेक म्हणाली होती, “बरं.”

चौदातले बारा गड्डे उभे होते. एक शेंबड्या गोगलगायींनी आतून पोखरला होता, एक कुजला होता. कोणी बांधलेला ते सिस्टरनं सांगितलं नाही. काटेवाल्यानं सोबत आणलेला काटा पायरीवर ठेवला, त्याची पातळी साधली, आणि एकेक गड्डा तोलला. सर्वांत मोठा दोन किलो तीनशे भरला. पट्टी सोडून बाहेरची पानं काढल्यावर आतला गड्डा लोण्याच्या रंगाचा निघाला. सिस्टरनं तो उचलून पाहिला. पाळण्यातल्या बाळांना ती उचलायची तसाच, मानेखाली हात देऊन.

“वर्तमानपत्रात गुंडाळून थंड जागी ठेवा,” तो म्हणाला. “महिनाभर टिकतो. तिला चार पाठवा.”

“तुम्ही किती नेताय?”

“एक. एकट्याला एक पुरे.”

तिनं त्याच्या पिशवीत तीन घातले. वाफे रिकामे झाल्यावर तो नळाशी हात धूत म्हणाला, “यापुढे मी नाही येणार. तिनं सांगितलं म्हणून नाही. मला तळमजल्यावर खोली मिळतेय, एका गॅरेजच्या मागे. चार हात जमीन आहे. आधी तेल-ग्रीस काढावं लागेल तिथलं, पण होईल.”

सिस्टरला बरं वाटलं आणि वाईटही. कुठलं जास्त, ते तिला ठरवता येईना. “बोट वाकतं का पूर्ण?” तिनं विचारलं. त्यानं वाकवून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे.” मग तो गेला.

थंडी सरली तसं सिस्टरनं स्वतःच्या बळावर पाकिटातलं उरलेलं बी पेरलं. जाळी घातली, झारीनं पाणी घातलं, सगळं अगदी बरोबर. पाचव्या आठवड्यात पाक चोयनं मधूनच दांडा काढला आणि बघता बघता सगळा वाफा पिवळ्या फुलांनी भरला. टायपिस्टबाई म्हणाल्या, किती छान दिसतंय.  सिस्टरनं काटेवाल्याला फोन लावला.

“दिवस वाढत जातात तेव्हा पेरायचा नसतो,” तो म्हणाला. “त्याला वाटतं, चला, बी धरायची वेळ झाली.”

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही पेरताय हे मला माहीत नव्हतं.” मग थोडं थांबून त्यानं विचारलं, आणि विचारण्यासाठी त्याला जोर लावावा लागला हे फोनवरही कळलं, “बाकी तुम्ही कशा आहात?”

“गुडघा दुखतोय,” सिस्टर म्हणाली, आणि दहा मिनिटं गुडघ्याबद्दल बोलली. फुलांचे दांडे कोवळे असताना भाजीत चालतात, हे त्यानं शेवटी सांगितलं. तिनं ते केले. पानांपेक्षा बरे लागले.

त्यानंतर दर बुधवारी सकाळी त्याचा फोन येऊ लागला. गॅरेजमागच्या जमिनीत त्याला काय काय सापडलं ते तो सांगायचा. स्पार्क प्लग, बाहुलीचा हात, एक अख्खी किल्ल्यांची जुडी. लेकीला हे माहीत होतं. ती पावसाळ्याच्या शेवटी आठवडाभराच्या रजेवर आली तेव्हा बुधवारी फोन वाजला आणि सिस्टर आंघोळीला गेलेली होती. लेकीनं पडद्यावरचं नाव पाहिलं, तीन वेळा वाजू दिला, आणि उचलला.

“आई आंघोळ करतेय. काही निरोप?”

पलीकडे मागे कुठेतरी हातोडी वाजत होती. “पेरायच्या आधी मातीत चुना मिसळायला सांग,” तो म्हणाला. “एकाच जागी परत कोबी घेतला की मुळांना गाठी येतात.”

तिनं विजेच्या बिलाच्या मागे लिहून घेतलं. “चुना. आणखी काही?”

“नाही. तू...” तो थांबला. ती फोन ठेवणार होती, पण तिनं ठेवला नाही. “तुझी नोकरी कशी चाललीय? खरंच विचारतोय.”

लेक भिंतीला टेकली. “मागच्या आठवड्यात एकीनं गाडी कारंज्यात घातली,” ती म्हणाली. “बाहेरून फार शांत वाटायची. मला आधी कळायला हवं होतं.”

तो हसला. तिनंही थोडंसं हसून घेतलं, मग “ठेवते” म्हणाली आणि ठेवला. सिस्टर केस पुसत बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बिल दिलं.

“चुना किती, ते नाही सांगितलं?” सिस्टरनं कागद उलटसुलट करून पाहिला.

“मी कुठे विचारलं?”

“मग उपयोग काय याचा?” असं म्हणत सिस्टरनं चष्मा शोधला आणि खुर्ची ओढून परत फोन लावायला बसली. लेक मागचं दार उघडून परसात गेली. मच्छरदाणीला एक भलंमोठं भोक पडलं होतं, ते शिवायला तिनं कालच घेतलं होतं.